चव घ्यायची पद्धत

दिनेशरावांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, दोन्ही गालांना आळीपाळीनं त्याचा वाटा दिला आणि पचकन बादलीत थुंकले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून कुसाबाई लगबगीनं उठल्या. हातातली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरत म्हणाल्या, "मळमळतंय का भाऊ? चूळ भरा. सोसत नाय तर प्यायचं कशाला?"

वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये हशा पिकला. मघाशी वाइनमध्ये बर्फ मागून दिनेशरावांच्या नजरेतून कायमचं उतरलेलं एक जोडपं सगळ्यांत जोरात हसलं.

दिनेशराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केल्यापासून ते वाइन पीत नसत, तपासत. त्यांना वाइनमध्ये पेरू सापडे, ओलं गवत सापडे. एकदा पेन्सिलीचं शिसंही सापडलं होतं. द्राक्ष तेवढं कधी सापडलं नाही.

"उलटी नाही हो ताई, ही पद्धत आहे," ते म्हणाले. "चव घ्यायची, गिळायची नाही. गिळतो तो पिणारा. थुंकतो तो जाणकार."

"आणि सेलरातला माणूस?"

हे कुसाबाईंच्या नवऱ्यानं, सावळीरामांनी विचारलं. ते अजून खुर्चीतच होते. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून एका गमबुटाचं तोंड बाहेर आलेलं. ऑफिसातला माणूस कसल्याशा सहीसाठी आत गेला होता. जाताना म्हणाला होता, इथं पंख्याखाली बसा.

"सेलरातल्यानं, टाक्यांवर काम करणाऱ्यानं तर थुंकायलाच हवं," दिनेशराव खुलले. असा श्रोता त्यांना घरी मिळत नसे. "दिवसाला वीस-वीस, तीस-तीस टाक्यांची चव घ्यायची असते त्याला. गिळत बसला तर संध्याकाळी टाकी कुठली आणि भिंत कुठली, कळेल का?"

"पण मग अंगाला वास?"

"येणारच. हंगामात केसांत बसतो, कपड्यांत बसतो. साबण लावा नाहीतर राख लावा, जात नाही."

"न पिता?"

"थेंब न पिता."

सावळीरामांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. काउंटरमागची निकिता हातातला ग्लास पुसायची थांबली होती. ती दिनेशरावांजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, हे राजचे वडील. आमच्या सेलरमध्ये होता तो. वीस दिवस झाले त्याला जाऊन. रात्रपाळी करून दिंडोरीकडे घरी जात होता, मोटारसायकल घसरली. त्याचं सामान न्यायला आलेत."

हातातला ग्लास कुठं ठेवावा ते दिनेशरावांना कळेना.

"पिऊन होता म्हणून पडला, असं म्हणतं गाव," सावळीराम म्हणाले. "म्याबी तेच म्हणलं. दहाव्याला चारचौघांत म्हणलं."

"काका, नाही हो," निकिता म्हणाली. "आम्ही चिडवायचो त्याला, एक घोट तरी गिळ म्हणून. तो म्हणायचा, घरी बापाला माळ आहे."

बर्फवालं जोडपं उठून बाहेर गेलं.

"चार वरीस त्याला ओट्यावर ताट दिलं," सावळीराम म्हणाले. "वास येतो म्हून. उंबऱ्याच्या आत नाय घेतलं जेवायला."

"पहिल्या वर्षी सांगितलं ना त्यानं तुम्हाला," कुसाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्ही म्हणला, समदे बेवडे हेच सांगत्यात. मग नाय सांगितलं पुन्हा त्यानं. गुमान जेवायचा."

सावळीरामांनी दिनेशरावांच्या ग्लासाकडे बोट केलं. "ही त्याच्या हातची हाय का?"

निकितानं मान डोलावली. "मागच्या हंगामातली. टाकी त्याच्याकडेच होती."

"कशी झालीया, साहेब?"

या वाइनला खोली नाही, असं दिनेशराव दहाच मिनिटांपूर्वी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले होते. त्यांनी ग्लास उचलला. हलवला नाही, हुंगला नाही. ओठांना लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

"चांगली झालीय," ते म्हणाले.

सावळीराम उठून काउंटरपाशी आले. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही, काखेत धरली.

"पोरी, मला दे थोडी. गिळली नाय तर माळेला चालतं ना?"

निकिता दिनेशरावांकडे बघायला लागली. कुठल्या वाइनबरोबर काय चालतं, हे दिनेशरावांना तोंडपाठ होतं. माळेचं मात्र कोर्समध्ये आलं नव्हतं. शेवटी कुसाबाईच म्हणाल्या, "चालतं. घ्या."

निकितानं बोटभर ओतली. सावळीरामांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, घोट तोंडात घेतला आणि ओठ घट्ट मिटले.

औषध नको असलेल्या पोराचे फुगतात तसे त्यांचे गाल फुगले. थोडा वेळ गेला. मग आणखी थोडा. आतून ऑफिसातला माणूस सहीचा कागद घेऊन आला आणि दारातच थांबला.

कुसाबाईंनी आपली ओंजळ नवऱ्याच्या हनुवटीखाली धरली.

"थुंका आता," त्या म्हणाल्या.

सावळीरामांनी मान हलवली. नाही.