धुतलेली नळी

“चाख,” राइनहोल्ड म्हणाला आणि त्यानं पत्र्याचा पेला लेकीसमोर धरला.

अल्विनानं घोटभर पाणी तोंडात घोळवलं आणि अंगणात थुंकलं. “अजून बुळबुळीत लागतंय, पापा.”

त्यानं पिंपात पुन्हा गरम पाणी ओतलं, पिंप आडवं करून गडगडवलं, उपडं केलं. घरी केलेली बिअर संपली की पिंप कॉस्टिक सोड्यानं धुवायचं आणि मग तो सोडा शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकायचा. राहिला तर पिणाऱ्याचा घसा जळतो. सोडा ओळखायला बाजारात कागदी पट्ट्या मिळत, पण त्या राइनहोल्डनं कधी घरात आणल्या नाहीत. माणसाला जीभ कशाला दिली आहे, असं तो म्हणे.

कुंपणावरून जुमाबेकनं डोकं वर काढलं. दोघांचं आयुष्य कारागांदाच्या एकाच कोळसा खाणीत, एकाच पाळीत गेलं होतं; राइनहोल्डला तो आदरानं ‘रेके’ म्हणे. “रेके, शहरातून आलेल्या लेकीला धुण्याचं पाणी पाजताय? चहा संपला का घरातला?”

“तू तुझ्या मेंढ्या बघ. फुकटची बिअर ढोसायला बरा येतोस.”

“फुकटची कुठली? प्रत्येक पेल्यामागे स्तुती करावी लागते!”

राइनहोल्ड हसला. अल्विनाला हसू आलं नाही. तिनं पुढचा पेला चाखला. “स्वच्छ,” ती म्हणाली.

संध्याकाळी त्यानं तळघरापासून व्हरांड्यातल्या तोटीपर्यंत जाणारी लांब नळी सोड्याच्या पाण्यानं भरली. ती रात्रभर तशीच राहणार होती.

“सकाळी थांबतेस का?” हातातल्या पान्याकडे बघत त्यानं विचारलं. “नळी तेवढी धुऊन घेऊ.”

“उद्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद आहे, पापा. मला आजच निघायला हवं.”

“मग जा. मी काय पहिल्यांदा धुतोय?”

जेवताना त्यानं नेहमीप्रमाणे सूप समोर येताच त्यात मीठ टाकलं. “आधी चाखून तरी बघ!” त्याची बायको एम्मा करवादली. “दोन वर्षं झाली, माझ्या हातचं काही ह्या माणसाला अळणीच लागतं.” त्यानं तिच्याकडे बघून डोळा मारला आणि आणखी चिमूटभर टाकलं. अल्विना शेवटच्या बसनं शहरात परतली.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, तो अंगणातल्या बाकावर बसल्या बसल्या गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

चाळिसाव्या दिवशी, गेलेल्याच्या आठवणीच्या जेवणाला, घर माणसांनी भरलं. खाणीतले जुने सोबती आले. जुमाबेकच्या बायकोनं घमेलंभर बाउरसाक, कणकेचे फुगीर गोळे, तळून आणले, एम्मानं आपल्या आईच्या पद्धतीचा चुऱ्याचा केक केला. टेबलाच्या टोकाला राइनहोल्डची खुर्ची रिकामी ठेवली होती. अल्विना आल्या-गेल्याची विचारपूस करत होती, ताटं लावत होती. लेक मोठी धीराची, असं बायका आपसांत म्हणत होत्या.

जुमाबेक तळघरातून वर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. “वहिनी, रेके आपली सोय करून गेलेत. भरलेलं पिंप नळीला जोडून ठेवलंय. त्यांच्या हातचं शेवटचं.”

चाळीस दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली एम्मा पहिल्यांदा रडली. “मग तेच प्यायचं आज,” ती म्हणाली.

अल्विना स्वयंपाकघरातून सूपची वाडगी घेऊन आली तोवर पेले भरले गेले होते. तोटीतून निघालेला पहिला पेला एम्मासमोर होता. बाकीच्यांवर फेस होता. त्यावर नव्हता.

माणसं उभी राहिली. गेलेल्याच्या नावानं पिताना पेले भिडवत नाहीत. सगळ्यांनी एकदम प्यायचं, आणि उचललेला पेला न पिता कुणी खाली ठेवायचा नाही.

“थांबा.” अल्विनानं वाडगी टेबलावर आदळली. सूप सांडलं. “मी गेले तेव्हा नळीत सोडा होता.”

“तो शनिवारी,” जुमाबेक समजुतीनं म्हणाला. “रविवारी रेकेंनी धुतली असणार. त्याशिवाय पिंप जोडलं असतं का?”

“नीट धुतली गेली नसेल तर?”

“पोरी, तुझा बाप चाखून बघितल्याशिवाय नळी जोडत नसे. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

“निदान पहिला पेला ओतून देऊ. नळीत उरलेलं त्यातच आलं असणार.”

एक म्हातारा खाणकामगार दुसरीकडे बघू लागला.

“ओतून देऊ?” एम्मानं पेला जवळ ओढला. “त्याच्या हातची शेवटची बिअर गटारात ओतायची? आयुष्यभर त्याच्या पिंपातलं पिऊन कुणाला साधी ढेकर वाकडी आली नाही. आणि आज, त्याच्या खुर्चीसमोर, तू त्याच्या हातावर संशय घेतेस?”

“हातावर नाही, आई.”

“मग कशावर?”

अल्विनानं पेल्याच्या तोंडावर तळवा ठेवला. एम्मानं तो बाजूला सारला. “त्याच्यावर विश्वास होता ना तुझा? मग गप्प राहा.” तिनं पेला ओठांशी नेला.

अल्विनानं आईचं मनगट घट्ट धरलं.

“त्या मोठ्या तापानंतर पापांना चवच कळत नव्हती,” ती म्हणाली. “वासही येत नव्हता. ते कधी बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. दोन वर्षं प्रत्येक पिंप, प्रत्येक नळी मी चाखत होते, आई. त्या रविवारी त्यांनी एकट्यानं चाखली. मी इथे नव्हते.”