दहाव्याचा कावळा

कावळे घाटावरच्या पिंपळात बसून होते, पण एकही पिंडाला शिवत नव्हता.

"वहिनी, दादाचं काय राहिलंय? बोलून टाका," दीर म्हणाले.

मुलाने हात जोडले. "आईला अंतर देणार नाही." कावळे हलेनात. गुरुजी दर्भाचा कावळा करू लागले. म्हणजे ह्यांचा जीव अडकलेलाच राहणार होता.

आवडती वस्तू म्हणून पिंडाशेजारी कॅमेरा मांडला होता, भिंग पिंपळाकडे. साठीनंतर पक्ष्यांचे फोटो काढायला शिकताना हे रोज हात हलवत परत यायचे. म्हणायचे, "भिंग रोखलं की उडतात मेले."

मी पुढे होऊन कॅमेरा पदराखाली घेतला. एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"कॅमेऱ्यातच जीव होता दादाचा," दीर डोळे पुसत म्हणाले. "आता तुम्ही शिका."

"शिकते," मी म्हणाले. पहिला धडा तर आत्ताच झाला होता.