एकच आडनाव

पदवीदान सुरू होण्याआधी डीनसाहेब आमच्या लॅटिनो विद्यार्थी केंद्राच्या सल्लागार ग्रासिएलाताईंवर घसरले. "तुमच्या पोरांना बापाचंही आडनाव हवं आणि वर आईचंही! किती वेळ जातो! आज एकच वाचा."

"बरं, एकच वाचते."

"ताई, तुम्हीसुद्धा वाकलात?" मी चिडून विचारलं. त्यांनी सरळ माईक गाठला.

"यादिरा उर्रुतिया!"

मागच्या रांगेत यादिराची आई ताडकन उठली. "अगं बाई, हे तर माझं आडनाव!"

दुसरं नाव पुकारलं, दुसरी आई उठली. मग तिसरी.

डीनसाहेब धावत मंचावर आले. "हे काय चालवलंय?"

ताईंनी माईक बंदसुद्धा केला नाही. "एकच वाचतेय, साहेब. बापाचंच वाचा, असं कुठं म्हणाला होतात?"