बांधाची रुंदी

"आजी, बांध निम्मा कापला बघ!" पुण्याहून सुट्टीला बोरीला आलेली अक्षदा लॅपटॉप घेऊनच ओट्यावर आली, आणि कांदा निवडत बसलेल्या सारजाबाईचा हात जागीच थांबला.

"कुटला बांध? कुणाला इचारून?"

"अगं, मोबाइलच्या पडद्यातला! आमच्या कंपनीचं कामच ते. पडद्यात उजेडाचे लाखो ठिपके असतात, दर ठिपक्याभोवती बांध. बांध अरुंद केले की ठिपके जास्त बसतात, चित्र लखलखीत दिसतं. फक्त फार कोरले तर कारखान्यात ते टिकत नाहीत, एकाचा उजेड शेजारच्यात झिरपतो."

सारजाबाईचा जीव भांड्यात पडला. "मग नगं कोरूस, भवाने. माजा दीर भिमाजी दरसाल ईत-ईत बांध कोरायचा. लई माज व्हता त्याला."

"मग?"

"मग काय! गेला मुंबैला. वीस वर्सं झाली, थोबाड दावलं न्हाई."

"बाबा सकाळी तेच सांगत होते. भिमाजी आजोबा गेले त्याच साली तू एकटीनं माती ओढून बांध दुप्पट रुंद केलास म्हणे. जागा नुसती वाया जाते, म्हणून..." शेताकडून घरघर ऐकू आली. "तो बघ, जेसीबी लावलासुद्धा त्यांनी."

"थांबीव रं भरता!" म्हणून लेकाला ओरडत सारजाबाई अनवाणीच धावली. पण ती निम्म्या वाटेत असतानाच घरघर आपोआप थांबली.