पंखा बंद करा

स्वरूपा दुकानाचं शटर वर करत होती, तेवढ्यात खंडेराव समोर येऊन उभे राहिले. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"विजयाच्या डोळ्यांसाठी आलोय," ते म्हणाले. "आत्ताच चला. उशीर झाला तर डोळे हातचे जातात, असं तीच सांगते."

दिल्लीत पहाडगंजच्या त्या गल्लीत डोळे तपासून चष्मे करून देणारी स्वरूपा एकटीच मराठी. विजया तिच्याकडे चष्म्याच्या निमित्ताने जायची आणि पोटभर गप्पा मारून यायची. एकदा दोघं मिळून स्वरूपाकडे जाऊन कागदावर सह्या करू, म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली होती. खंडेराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, त्यांचा नकार मात्र झाला नाही. "मी जिवंत असेपर्यंत तुझ्या डोळ्यांना कुणी हात लावणार नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. स्वभावाला औषध नसतं.

डॉक्टर येऊन गेले का, असं स्वरूपाने विचारलं. सकाळीच येऊन गेले, त्यांच्या हातात काही उरलेलं नाही म्हणाले, असं खंडेरावांनी सांगितलं. तिने उभ्याउभ्याच मोठ्या इस्पितळात फोन लावला, आपली पेटी उचलली आणि त्यांच्यामागे निघाली.

घरात पंखा गरगरत होता. शेजारच्या पार्वतीबाई पलंगाशी बसल्या होत्या. विजयाच्या पापण्या नीट मिटत नव्हत्या.

"आधी पंखा बंद करा, डोळे कोरडे पडतात," स्वरूपा म्हणाली.

मग एसी लावला. पार्वतीबाईंनी विजयाच्या डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली. स्वरूपाने थेंब घातले, पापण्या हलकेच मिटवल्या आणि वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. एरवी थेंब म्हटलं की विजया लहान मुलीसारखी तोंड फिरवायची. आज तिने हूं की चूं केलं नाही.

खंडेराव खुर्चीत बसून होते. त्यांना रडू येत नव्हतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती. मानेसरहून निघालेल्या प्रतीकचा फोन आला.

"बाबा, पक्का ना? नंतर चिडायचं नाही, यार."

"पक्का," ते मुलाला म्हणाले. आयुष्यभर नाही म्हटलं, आज तरी बायकोच्या मनासारखं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

इस्पितळाची माणसं गल्लीच्या तोंडाशी पोचल्याचं कळलं, तेव्हा ते उठून स्वरूपाजवळ आले.

"नीट दिसेल ना?"

"डोळे चांगले आहेत, काका. वेळेत आलात. दोन माणसांना दिसेल."

खंडेरावांनी मान हलवली. मग ते पार्वतीबाईंकडे वळून म्हणाले, "आता तिच्या मुखात तुळशीपत्र ठेवा."