खोबरेल

उधना भागातल्या चाळीतल्या बायका ललिताचा हेवा करायच्या, कारण तिची सासू रोज सकाळी सुनेचे हात मांडीवर घेऊन खोबरेल चोळायची. "अशी माया सख्खी आईसुद्धा करत नाही गं!" शेजारीण म्हणायची. ललिताच्या घरात सॅटिनच्या साड्यांवर टिकल्या लावायचं काम होतं, आणि खरखरीत बोट लागलं की धागा निघून साडी बाद. सासूची माया तेवढ्यापुरती. आज भावाचा फोन आला, "आईचं काही खरं नाही, लगेच निघ." सासूने तेलाची बाटली उघडली. "माल संध्याकाळी जायचाय. तू जाऊन ती काय उठून बसणार? आण हात." ललिताने हात दिले. मग मोरीत जाऊन तिने ते धुण्याच्या दगडावर सालटं निघेपर्यंत घासले. बाहेर येऊन तिने साड्यांचा गठ्ठा सोडला आणि एकेका साडीवरून मायेने हात फिरवला.