रेडिओतल्या सासूबाई

"मेरीबाई, आज सासूबाई बोलल्याच न्हाईत," व्हॅनमधनं उतरता उतरता हौसराव म्हनले. "पार गेल्या."

मेरी एका टेम्पोच्या दिव्यात डोकं घालून बसली व्हती. शिरूरच्या बाजाराचा दिवस. टपरीपुढं गाड्यांची रांग. नवरा दानिएल वारल्यापास्नं गाड्यांच्या वायरिंगची ही टपरी तीच चालवायची.

सासूबाई म्हंजी हौसरावांच्या जुन्या व्हॅनच्या रेडिओतला आवाज. ॲक्सिलेटर दाबला की कुंईं करून चढायचा, पाय काढला की खाली यायचा. "जित्या व्हत्या तवा बी आशाच," हौसराव सांगायचे आन् रांगेतले डायवर पोट धरून हसायचे. मेरीनं अर्थिंगची ढिली वायर आवळून तो आवाज घालवला, पन रेडिओचं नाव सासूबाईच ऱ्हायलं. तर पुढच्या बाजाराला नवीनच. वायपर लावला की रेडिओवर कोलंबो स्टेशन लागतंय. त्याच्या पुढच्या बाजाराला हॉर्न वाजवला की बातम्या देनारी बाई शिंकती.

हौसरावांच्या राहू गावापासनं शिरूरपर्यंत रस्त्याला गाडीची वायरिंग करनारे काय कमी हायत? पन हौसराव सगळ्यांना मागं टाकून हितंच यायचे. घरी कुनी नव्हतं. बायको वारली. पोरगा सम्राट सणसवाडीला कंपनीत, तिथंच खोली करून ऱ्हायलेला. सकाळ झाली की हौसराव दारातल्या व्हॅनमधी जाऊन बसायचे, रेडिओ लावायचे आन् बातम्या देनाऱ्या बाईला "व्हय, व्हय" म्हनायचे.

मेरीनं रेडिओ पुढं ओढला. मागं हात घातला आन् ती थांबली.

लाल वायर तुटली व्हती. झिजून न्हाई, वितळून न्हाई. ब्लेडनं, सरळ. तिचं उघडं तोंड पत्र्याला टेकायच्या बेतात.

तिनं हौसरावांकडं बघितलं. हौसराव रस्त्याकडं बघत व्हते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सम्राट. "बिघडली ना परत? त्या मावशींना द्या फोन."

मेरीनं फोन कानाला लावला.

"मावशी, खरं सांगा. दर बाजाराला गाडी तुमच्या दारात. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. उद्याच उचलतो म्हनतंय. द्यायची ना?"

आवाज मोठा व्हता. हौसरावांनी समदं ऐकलं. ते गपचीप परत आत जाऊन बसले आन् दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलं. मघाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"गाडीला काय बी धाड भरली न्हाई, बाळा," मेरी म्हनली. "उंदीर हाय."

"उंदीर?"

"व्हय. राहूचा हाय, ऊस खाऊन माजलेला. वायर आशी कुरतडतो, बघनाऱ्याला वाटावं ब्लेडनंच कापली. औषधाला दाद देत न्हाई, पिंजऱ्यात जात न्हाई. ह्या गाडीत हाय तवर बरा हाय म्हन. गाडी इकलीस तर जाईल कुठं तो? तुझ्या खोलीवरच यील ऱ्हायला."



"मग ऱ्हाऊ द्या गाडी," सम्राट म्हनला, आन् फोन ठेवला.

मेरीनं वायर जोडली. टेप गुंडाळली. रेडिओ जागेवर ढकलला. बाई बातम्या द्यायला लागली. हौसरावांनी तिला व्हय म्हनलं न्हाई. मान वर बी केली न्हाई.

मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत व्हता. "ए बाबा, दम धर की जरा," मेरी त्याच्यावर वराडली. मग खिडकीतनं वाकून हळूच म्हनली, "आबा, लाल वायर कवाच कापू नका. पत्र्याला टेकली तर जागेवर पेटाल. ही काळी कापा. तिनं नुसता रेडिओ बंद पडतो."

हौसरावांनी रेडिओचा आवाज बारीक केला.

"आन् बाजाराच्या दिवशी नका येत जाऊ, गर्दीत धड बोलनं व्हत न्हाई. सोमवारी या. रविवारी चर्चात चार मानसं तरी भेटत्यात. सोमवार मला काय केल्या सरत न्हाई."